गार असताना बोलवा

मिस्त्रींनी पहिल्या भेटीत माझ्या गाडीकडे बघायलाच नकार दिला.

राहात्याच्या बाजारपेठेमागे एका चिंचेखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि चौथ्या बाजूला विहिरींवरून उचलून आणलेली तेलाची इंजिनं. मी गाडी नेऊन त्या इंजिनांसमोर उभी केली. मिस्त्री एका इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

"मिस्त्री, सकाळी गाडी सुरू होत नाही," मी म्हटलं.

ते उठले. हात धोतराला पुसले, बॉनेटला दोन बोटं लावली आणि लगेच मागे घेतली.

"ही तर तापलीय. आत्ता सुरूच हुती की."

"आत्ता होती. सकाळी होत नाही. थंडीत."

"मग आत्ता कशाला आनली?"

"दुरुस्त करायला."

"डाक्टरीनबाई," ते शांतपणे म्हणाले, "ताप उतरल्यावर पेशंट दाखवाया आनतात, तसं झालं हे. गार असताना बोलवा. मी येतो."

आणि ते पुन्हा इंजिनाच्या पोटात हात घालून बसले. मी तिथं उभी आहे हे ते विसरूनही गेले असावेत.

मला राग आला. राग येण्याइतकी मी तरुण होते आणि राहात्यात दवाखाना काढून मला अजून वर्षही झालं नव्हतं. बाई डॉक्टर, त्यात स्वतः गाडी चालवणारी, म्हणून लोक अजून मला बघायला थांबत. गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नाना नगरला वकिली करत. त्यांची ती जुनी विलायती गाडी. मी दवाखाना काढला तेव्हा त्यांनी ती तळापासून रंगवून घेतली आणि दुधी रंगाची चकचकीत गाडी स्वतः चालवत राहात्याला आणून माझ्या दारात उभी केली. किल्ली देताना म्हणाले, "पेशंटला वाट बघायला लावू नकोस."

उन्हाळा, पावसाळा गाडीनं कुठंही दगा दिला नाही. हिवाळा लागला आणि रोज पहाटे तिचं एकच रडगाणं सुरू झालं. स्टार्टर ओढला की घर्र... घर्र... घ... आणि गप्प. ऊन वर आलं की मात्र काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. नगरच्या गॅरेजमध्ये दोनदा नेली. तिथं पोचेपर्यंत ती अर्थातच तापलेली असायची. त्यांनी एकदा प्लग बदलले, एकदा बॅटरी बदलली, "आता बघा," म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पहाटे बघितलं. घर्र... घ...

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मार्गशीर्षात एका पहाटे कॅनॉलकडेच्या एका वस्तीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं. गाडी सुरू होईना. धक्का मारायला त्या थंडीत रस्त्यावर कुणी नव्हतं. शेवटी बोलावायला आलेल्या माणसाच्या सायकलवर, मागच्या कॅरिअरवर बॅग मांडीवर घेऊन मी गेले. पोचले तेव्हा मूल झालेलं होतं, सुईणीनं तिला जमलं तसं केलं होतं आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं. ते थांबवायला मला दुपार झाली. बाई वाचली. निघताना तिचा नवरा हात जोडून म्हणाला, "तुमी आल्या, तेच लई झालं." त्यानं मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच मला ते जास्त लागलं. अर्धा तास आधी आले असते तर त्या बाईला एवढं सोसावं लागलं नसतं.

त्या दुपारी घरी न जाता मी सरळ चिंचेखाली गेले आणि म्हटलं, "मिस्त्री, उद्या गार असताना या."

मिस्त्रींविषयी राहात्यात बरंच काही सांगितलं जायचं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. ते वर्षाचे बारा महिने कानटोपी घालत, अगदी वैशाखातसुद्धा. फक्त इंजिन ऐकायचं असलं की डाव्या कानावरची बाजू वर दुमडायचे. उजवा कान म्हणे माणसांसाठी होता आणि तो झाकलेलाच बरा. मोटारी, ट्रॅक्टर, इंजिनं सगळी दुरुस्त करायचे, पण स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "चालवनाऱ्याचं ध्यान रस्त्यावर असतं," ते म्हणायचे, "मग आवाज कोन ऐकनार?" गाडीत बसायची वेळ आलीच तर मागच्या सीटवर मधोमध बसायचे, डोळे मिटून.

'खराब' हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं, मिस्त्री इंजिन खराब झालंय, की ते विचारत, "खराब म्हंजी काय? कुठं अडलंय ते सांग." आणि कुठलंही काम घेतलं की पहिला प्रश्न एकच असायचा, "आधी नीट हुतं ना? मग मधी काय झालं?" शेतकरी हटकून सांगायचा, काय न्हाई. मिस्त्री मान हलवायचे. "काय न्हाई, असं हुत न्हाई," म्हणायचे.

त्यांच्याकडे शाळेतल्या मुलांची असते तशी एक दगडी पाटी होती. इतर मिस्त्री काय बिघडलंय ते सांगतात. हे पाटीवर काय बिघडलेलं नाही ते लिहायचे. 'डिझेल न्हाई. पंप न्हाई. नोझल न्हाई.' पाटी भरत आली की त्यांचा चेहरा खुलायचा. माणसं वैतागायची. उसाला पाणी द्यायचं खोळंबलेलं आणि हा माणूस पाटीवर न्हाई-न्हाई लिहितोय!

पहिल्या दिवशी पहाटे ते आले ते त्यांच्या सायकलच्या करकर आवाजानंच कळलं. अख्ख्या तालुक्याची इंजिनं गुमान चालवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सायकलची चेन मात्र भयंकर वाजायची. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "घंटी न्हाई सायकलला. मानसं बाजूला कशी हुनार?"

झुंजूमुंजू झालं होतं. बॉनेटवर दव साचलं होतं. मिस्त्रींनी त्यावर सगळा तळवा ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता रोजच्यासारखं करा," ते म्हणाले आणि डाव्या कानावरची टोपी दुमडली.

मी चोक ओढला, स्टार्टर ओढला. घर्र... घर्र... घ...

"अजून."

घर्र... घ...

"बरं," मिस्त्री म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात कशी चालायची?"

"गेल्या हिवाळ्यात नगरला होती, नानांकडे. तिथं तर नीट चालायची."

"मग मधी काय झालं?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली, सायकल घेतली आणि निघाले.

"मिस्त्री! गाडीचं काय?"

"आज ऐकलं," ते लांबून म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या कॅरिअरवर एका ट्रॅक्टरची बॅटरी बांधून घेऊन आले. आमची काढून ती जोडली. आवाज तसूभरही बदलला नाही. मी म्हटलं, "आता प्लग बघायचे?"

"आता न्हाई. एका वेळी एकच." पाटीवर त्यांनी लिहिलं, 'बॅटरी न्हाई'. आणि परत गेले.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरची चार माणसं बोलावून त्यांनी धक्का मारायला लावला. गाडी दहा पावलांत सुरू झाली. माणसं खूश झाली. मिस्त्री त्याहून खूश झाले आणि पाटीवर लिहिते झाले, 'पेट्रोल न्हाई. ठिनगी न्हाई.'

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी दोन्ही झ्याक हायेत. धक्क्यानं सुरू झाली ना? पेट्रोल येतंय, ठिनगी पडतीय. अडचन फकस्त फिरवायची हाय. थंडीत तेल काकवीवानी घट्ट हुतं, इंजिन फिरवाया जोर लागतो. जोर बॅटरीत हाय. मग तो जातो कुठं?"

मला कॉलेजातल्या एका सरांची आठवण झाली. असंच पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून ते एकेक आजार खोडत जायचे. फक्त ते एवढे आनंदी कधी दिसले नव्हते.

त्या संध्याकाळी नाना नगरहून आले. गाडीचं ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे कोट, मफलर अशा जय्यत तयारीत ते अंगणात उभे राहिले आणि मिस्त्री आल्याआल्या त्यांनी आपली बाजू मांडली. गाडीची निगा कशी राखली, तेल कधी बदललं, नगरच्या दोन कारागिरांचा अभिप्राय काय. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. नानांचं झाल्यावर लक्षात आलं की टोपी दोन्ही कानांवर होती.

"डाक्टरीनबाई, आज स्टार्टर लांब ओढायचा. मी म्हनेस्तवर सोडायचा न्हाई."

मी ओढून धरला. बॉनेट उघडं ठेवून मिस्त्री आत वाकले आणि एकेका गोष्टीवर हात ठेवत गेले. इंजिन, रेडिएटर, वायरी, नळ्या. सगळं बर्फासारखं गार. "परत वढा." पुन्हा चाचपणी. "परत." तिसऱ्यांदा त्यांनी एकदम हात मागे घेतला आणि बोटांवर फुंकर मारली.

मग ते हसले. मिस्त्रींना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. दात दोनच होते समोर, पण हसू तोंडभर होतं.

"हिचं अंग गरम हाय!"

चोकची तार. डॅशबोर्डवरच्या बटणापासून इंजिनापर्यंत जाणारी साधी, बारीक तार. जिच्यात वीज असायचं काही कारणच नाही ती तार, त्या कडाक्याच्या थंडीत, चटका बसेल इतकी तापली होती. मिस्त्रींनी आम्हाला सगळ्यांना एकेक करून हात लावायला लावला. नानांना, मला, आणि चहाच्या टपरीवरून कौतुकानं आलेल्या चौघांनाही.

"आता हे सांगा वकीलसाहेब," ते नानांकडे वळले, "बॅटरीतली वीज स्टार्टरला जाती. गेलेली परत बी याया पायजे का न्हाई?"

"यायला पाहिजे," नाना म्हणाले. कोर्टात उलट बाजूनं खिंडीत गाठल्यावर बोलतात तसं जपून.

"जायची वाट समद्यांनी बघितली. यायची कुनी बघितली न्हाई. इंजिन बसलंय रबराच्या गाद्यांवर. त्यातून वीज जात न्हाई. यायची खरी वाट कुठंतरी बंद झालीय, म्हनून बिचारी ह्या चोकच्या तारेतून वाट काढतीय. उनात थोडकी लागती, निभतं. थंडीत लई लागती, आन् तार पुरी पडत न्हाई."

विहिरीवरच्या मोटारीची बोटभर जाड तार त्यांनी आणली होती. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला बांधलं. मी स्टार्टर ओढला आणि महिनाभरात पहिल्यांदा, दवानं भिजलेली ती गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. टपरीवरच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मला तर मिस्त्रींच्या पाया पडावंसं वाटलं.

मिस्त्रींनी गाडी बंद करायला लावली. मग वाकून ती जाड तार सोडली आणि गुंडाळून ठेवून दिली.

"हे काय?" मी आणि नाना एकदमच ओरडलो.

"आज सुरू झाली ती तारेनं का नशिबानं, ते कळाया नको? उद्या बिनतारेची बंद पडली पायजे. तार लावली की सुरू झाली पायजे. मग मी मानीन."

"अहो, पण चालतेय ना!"

"चालतीय म्हनून सोडली की परत येती," मिस्त्री म्हणाले आणि करकरत निघून गेले. नानांनी सगळ्या वकिलीच्या आयुष्यात असा साक्षीदार पाहिला नसावा. दिवसभर ते येरझाऱ्या घालत होते.

पाचव्या दिवशी पहाटे मिस्त्री आणि एक माणूस एकदमच दारात आले. मिस्त्री सायकलवर, माणूस पळत. शेजारच्या गावाहून तो धापा टाकत आला होता. बायकोला काल दुपारपासून कळा येत होत्या, मूल आडवं आहे असं सुईण म्हणत होती. मी बॅग उचलून बाहेर धावले.

"मिस्त्री, तार लावा!"

"आधी एकदा बिनतारेची."

"मिस्त्री!"

"एकदाच. तोवर तुमी बसा तरी."

मी दात ओठ खात स्टार्टर ओढला. घर्र... घ...

"झ्याक!" मिस्त्री म्हणाले, इतक्या समाधानानं की त्या माणसालाही क्षणभर काही कळेना. दुसऱ्याच क्षणी तार लागली, गाडी गरजली आणि मिस्त्री मागच्या सीटवर मधोमध येऊन बसले. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. "वाटेत काय झालं तर?" ते म्हणाले. वाटभर डोळे मिटून ऐकत होते. दोनदा मला म्हणाले, "गेर जरा आधी टाका."

त्या दिवशी मी वेळेवर पोचले. मूल आडवंच होतं. ते फिरवायला मला घामाच्या धारा लागल्या, पण फिरलं. ऊन अंगणात आलं तेव्हा मुलगी झाली आणि जन्मतःच तिनं असा सूर लावला की शेजारच्या वस्तीतल्या बायका बघायला आल्या. आईनं पहिल्यांदा मुलीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही.

हात धुऊन बाहेर आले तर मिस्त्री बॉनेट उघडून, बिनतारेच्या गाडीपाशी उकिडवे बसले होते.

"काय करताय?"

"गार व्हायची वाट बघतोय. अजून एकदा बघू."

मुलीच्या बापानं मिस्त्रींनाही गूळ दिला. तो खाताना मात्र त्यांनी दोन्ही कानांवरची टोपी वर केली होती. आतून मुलीचं रडणं येत होतं. "हिचं काय अडलेलं न्हाई," ते म्हणाले.

घरी परत आल्यावर त्यांनी गाडीखाली शिरून ती खरी वाट शोधली. इंजिन आणि सांगाडा जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी. बघायला पट्टी धडधाकट, नट पक्का. नट सोडून पट्टी उचलली, तेव्हा तिच्याखाली सांगाड्यावर गुळगुळीत, सुंदर, दुधी रंग होता.

मिस्त्री बाहेर आले. "वकीलसाहेब, गाडीला रंग कुनी दिला?"

"मी दिला," नाना अभिमानानं म्हणाले. "नगरमधल्या सगळ्यात चांगल्या पेंटरकडून. सगळी गाडी खोलून. मी स्वतः उभा होतो. एक नट सोडला नाही त्यानं."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "एक सोडला न्हाई."

रबरातून जात नाही तशी रंगातूनही वीज जात नाही, हे नानांना समजायला थोडा वेळ लागला. मला 'मधी काय झालं' या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कळलं. लेकीसाठी हौसेनं दिलेला रंग आम्हा दोघांनाही कधी 'काहीतरी' वाटलाच नव्हता.

मी घाबरून नानांकडे बघत होते. मिस्त्रींनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुमीच खरवडा. तांब्याइतकं झळकेस्तवर." नाना, ज्यांच्यापुढे नगरचे अशील उभे राहायला कचरत, कोट काढून मातीत आडवे झाले आणि खरवडू लागले. अर्ध्या तासानं रंगाच्या भुकटीनं नाक पांढरं करून गाडीखालून बाहेर आले आणि उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "मला गुन्हा कबूल आहे."

सगळे हसले, मिस्त्रीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात होत राहिली. नाना मग दर महिन्याला राहात्याला यायचे, मला भेटायला म्हणून. सकाळचा वेळ मात्र चिंचेखाली जायचा. दोघं काय बोलायचे कोण जाणे. नाना बोलायचे, मिस्त्रींच्या कानांवर टोपी असायची आणि दोघंही समाधानी दिसायचे.

मिस्त्रींच्या बायकोला मी काकू म्हणायचे. उंच, बडबड्या, नवऱ्याच्या अगदी उलट. त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या बाहत्तरच्या हिवाळ्यात. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरी आटल्या, इंजिनं बंद पडली आणि शेतकऱ्यांनी ती मिस्त्रींच्या दुकानात आणून ठेवली. पितळेचे भाग चोरीला जायला लागले म्हणून मिस्त्री दुकानातच निजायला लागले.

काकूंची तक्रार होती की पहाटे डोकं ठणकतं, मळमळतं, उठलं की घेरी येते. दहा वाजता त्या दवाखान्यात यायच्या तेव्हा ठणठणीत असायच्या. मी रक्तदाब बघितला, डोळे बघितले, रक्त कमी असेल म्हणून गोळ्या दिल्या. दोन महिने दिल्या. फरक नाही. शेवटी एक दिवस मिस्त्री स्वतः येऊन बाकावर बसले.

"फरक न्हाई," ते म्हणाले.

"मिस्त्री, त्या येतात तेव्हा तर काहीच..." मी बोलता बोलता थांबले. मिस्त्री माझ्याकडे नुसते बघत होते. मला चिंचेखाली नेलेली ती तापलेली गाडी आठवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या घरी गेले. दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली, कोंदट, जड. लहानशी खोली. एकुलत्या खिडकीला गोणपाट ठासलेलं आणि त्यावर खळीनं कागद चिकटवलेले. दाराच्या फटींना जुन्या ट्यूबचे रबरी पट्टे मोजून मापून ठोकलेले. आणि काकूंच्या अंथरुणाशेजारी कोळशाची शेगडी मंद धुमसत होती. दहा मिनिटांत माझंच डोकं जड झालं.

मी काकूंना अंगणात आणून बसवलं, शेगडी बाहेर काढली आणि मिस्त्रींना बोलावणं पाठवलं.

"गेल्या हिवाळ्यात बऱ्या होत्या ना?" मी विचारलं. "मग मधे काय झालं?"

"काय न्हाई," मिस्त्री म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग हळूहळू त्यांची नजर दाराच्या रबरी पट्ट्यांकडे गेली, तिथून खिडकीकडे, तिथून अंगणातल्या शेगडीकडे. "मी दुकानात निजतो," ते कसंबसं म्हणाले. "ही एकटी. थंडी वाजंल म्हनून..."

"कोळशाचा वायू आत कोंडतो. त्याला वास नसतो. काकू रोज रात्रभर तो घेत होत्या."

मिस्त्रींनी दाराशी जाऊन एक रबरी पट्टा उपटून काढला. "हवेबिगर इंजिन बी चालत न्हाई," ते म्हणाले, "हे मी अख्ख्या तालुक्याला सांगत फिरतो." त्यांचा चेहरा मला बघवेना. आणखी थोडी कडक थंडी पडली असती तर काय झालं असतं, हे त्यांना आणि मला दोघांनाही समजत होतं.

तेवढ्यात अंगणातून काकूंचा आवाज आला. डोकं हातात धरून त्या हसत होत्या. "पंचवीस वरसं झाली लगीन हून. लोकांची इंजिनं करता करता पहिल्यांदा माज्यासाठी कायतरी बनवलं, ते बी असलं!"

मिस्त्री आत गेले आणि त्यांनी नुसतं गोणपाट काढलं नाही, खिडकीच काढली, चौकटीसकट. ती परत बसवली फाल्गुनात. तोवर काकू गल्लीभर सांगत फिरत होत्या की मला नवऱ्यानं हवामहाल बांधून दिलाय.

त्यानंतर मिस्त्रींनी एक नवा उद्योग सुरू केला. पेशंट पकडून माझ्याकडे आणायचा, पण त्याचं दुखणं ज्या वेळेला येतं त्याच वेळेला. संध्याकाळी दम लागणारा संध्याकाळी, कणकण दुपारी येणारा दुपारी. माझ्या दवाखान्याच्या वेळा त्यांना मान्य नव्हत्या.

एकदा दुपारी पावणेचारला ते करकरत आले. सायकलच्या कॅरिअरवर मध्यम वयाचा एक शेतकरी बसला होता, फेटा सावरत.

"डाक्टरीनबाई, लवकर! ह्याचं पोट रोज चारला दुखतं. पंधरा मिन्टं राहिलीत."

मी त्या माणसाला टेबलावर झोपवलं. आम्ही तिघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. चार वाजले. काही नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली. माणूस बिचारा ओशाळला.

"दुखंना व्हय?" मिस्त्री त्याच्यावर खेकसले. "रोज चारला म्हनालास न्हवं?"

"रोज दुखतंय मिस्त्री. देवाशप्पथ. आज काय झालंय कुनास ठाव."

"आज काय वेगळं केलंस?"

"काय न्हाई."

"काय न्हाई, असं हुत न्हाई."

माणसानं डोकं खाजवलं. "रोज रानातून येऊन साडेतीनला भाकरी खातो. आज तुमी वस्तीवर येऊन उभं राहिला, चल चल म्हनून. जेवायचंच राहिलं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रींकडे. मग त्यांनी सायकलला अडकवलेली पिशवी आणली, फडकं सोडलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्या माणसाच्या हातात दिली आणि टोपी दोन्ही कानांवर घट्ट ओढून माझ्या शेजारी स्टुलावर बसले. बाहेर बाकावर चार पेशंट ताटकळत होते. त्यांना सांगितलं, जरा वेळ लागेल.

माणूस भाकरी हातात धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"आता खाऊ?" त्यानं विचारलं.

"खा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.